पडलेलं धन

जमिनीतलं धन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हंडा येतो. तांब्याचा, तोंडाला फडकं बांधलेला, वर वेटोळं घालून बसलेला नाग. ते धन कुणीतरी मुद्दाम पुरलेलं, राखण ठेवलेलं असतं. अमेरिकेतल्या शहरांच्या जुन्या उद्यानांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना जे सापडतं ते कुणी पुरलेलं नसतं. ते खिशातून सांडलेलं असतं. गवतावर लोळताना, झोक्यावरून उतरताना, रुमाल काढताना हळूच निसटलेलं. ज्याचं पडलं त्याने चार मिनिटं गवत चाचपलं असेल आणि मग नाद सोडला असेल.

ही चार मिनिटं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पाच सेंटांना कोका-कोला हा भाव अमेरिकेत १८८६ पासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकला. म्हणजे १९३५ साली उद्यानात आलेल्या मुलाची डाइम, दहा सेंटांचं ते इवलंसं चांदीचं नाणं, हरवली तर दोघांच्या पेयाचे पैसे गेले. त्याने ते शोधलं नसेल असं होणं कठीण. पण डाइमचा व्यास १७.९ मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅम. दाट गवताच्या बुडाशी ती एकदा गेली की नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही.

या छंदातली सगळ्यात महत्त्वाची सीमारेषा १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांमधली. १९६४ पर्यंतच्या डाइम, क्वार्टर (पंचवीस सेंटांचं नाणं) आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असे. १९६५ च्या नाणेविषयक कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढली. आत तांबं आणि दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पत्रा, अशी नाणी आली. कडेवर लालसर रेघ दिसली की ते १९६५ किंवा त्यानंतरचं. अर्ध्या डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के चांदी उरली होती. लोकांनी चांदीची नाणी भराभर घरात ठेवून दिली आणि काही वर्षांत ती व्यवहारातून नाहीशी झाली. त्यामुळे उद्यानात सापडलेली चांदीची डाइम बहुधा १९७० च्या आधी पडलेली असते.

सेंटची गोष्ट वेगळी. १९०९ ते १९५८ या काळातल्या लिंकन सेंटच्या मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या आहेत, म्हणून ते व्हीट सेंट. त्याआधी, १८५९ ते १९०९, इंडियन हेड सेंट. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून सेंट पोलादाचे पाडले गेले. जस्ताचा मुलामा असलेले हे सेंट मातीत गंजून ओळखू न येण्याइतके खराब होतात. १९८२ मध्ये तांब्याचा सेंट बंद होऊन जस्ताचा सुरू झाला. त्या एका वर्षात दोन्ही पाडले गेले. तांब्याचा ३.११ ग्रॅम, जस्ताचा अडीच. जस्तावर तांब्याचा पातळ थर असतो. त्याला एक ओरखडा पडला की मातीतला ओलावा आत शिरतो आणि जस्त खाऊन टाकतो. वीस वर्षांत कडा कुरतडलेलं, भोकं पडलेलं काहीतरी हाती येतं. शंभर वर्षं मातीत राहिलेली चांदीची डाइम मात्र अंगठ्याने माती सारली की पांढरी चमकते. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना पहाटे पाच वाजता उठण्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

नाणी खाली का जातात, हा प्रश्न नवख्याला पडतोच. जड म्हणून बुडतात हे उत्तर चूक आहे. मुख्य काम गांडुळांचं. ती खालची माती पोटातून वर आणून पृष्ठभागावर टाकतात, आणि वर पडलेली वस्तू हळूहळू त्या मातीखाली जाते. डार्विनने १८८१ मध्ये हे मोजून, सविस्तर मांडलं होतं. त्यात कापलेलं गवत कुजून होणारी माती, पानगळ, आणि उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात गोठणारी-वितळणारी जमीन यांची भर पडते. म्हणून खोलीवरून वय सांगता येत नाही. सकस, गांडुळांनी भरलेल्या जमिनीत तीस वर्षांचं नाणं पाच इंचांवर सापडेल, आणि मोठ्या झाडाच्या मुळांवर अडकलेली १९१७ ची डाइम दोन इंचांवर. मुळं नाण्याला खाली जाऊ देत नाहीत, कधी कधी वरही उचलतात. जुन्या ओक किंवा मेपलचा बुंधा सावकाश, सगळ्या बाजूंनी धुंडाळायचा तो यासाठी.

आता यंत्र. दांड्याच्या टोकाला जमिनीवरून फिरवायची तबकडी म्हणजे कॉइल. तिच्यात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. पहिलीतून उलटसुलट वाहणारी वीज जाते, बहुतेक यंत्रांत सेकंदाला पाच ते वीस हजार वेळा. तिच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की धातूत भोवरा-प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार करतात. दुसरी गुंडाळी ते ऐकते. धातू जितका चांगला वाहक आणि जितका जाड, तितकं ते उत्तर उशिरा येतं. हा उशीर मोजून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. यंत्राला एवढंच कळतं. ते नाणं ओळखत नाही, चांदी ओळखत नाही, सन तर नाहीच नाही.

या तत्त्वाचा पहिला गाजलेला प्रयोग १८८१ मधला. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती आणि टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल ती शरीरात शोधण्यासाठी आपलं यंत्र घेऊन गेले. गोळी मिळाली नाही. डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, आणि पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ घातला असं पुढे सांगितलं गेलं. उद्यानात आज हाच घोळ खिळा घालतो. गंजलेला खिळा नाण्याच्या बोटभर शेजारी असला की यंत्राला खिळाच ऐकू येतो आणि नाणं त्याच्या आड लपतं. शंभर माणसं फिरून गेलेल्या जागी अजून चांदी निघते ती बहुतेक अशा आडोशातून. तिथे अकरा इंची कॉइल काढून पाच-सहा इंची लावावी, लोखंड पूर्ण गप्प करणारी सोय बंद ठेवावी आणि खिळ्यांची कुरकुर ऐकत इंचाइंचाने सरकावं. कंटाळवाणं काम आहे, पण मोबदला इथेच मिळतो.

आकड्यांचं उदाहरण म्हणून मायनलॅब कंपनीची इक्विनॉक्स ६०० आणि ८०० ही यंत्रं घेऊ. त्यांच्या पट्टीवर निकेल म्हणजे पाच सेंटांचं नाणं १२-१३ च्या आसपास बोलतं. जस्ताचा सेंट विशीच्या सुरुवातीला, तांब्याचा सेंट आणि डाइम पंचविशीच्या आगेमागे, क्वार्टर तिशीच्या आसपास. दुसऱ्या यंत्रांचे आकडे वेगळे, क्रम मात्र हाच. घरून निघण्यापूर्वी अंगणात लाकडी फळीवर ही पाच नाणी एकेक करून ठेवावीत, कॉइल फिरवावी आणि आकडे कागदावर लिहून घ्यावेत. मग तीच नाणी उभी धरून पाहावीत. उभं नाणं आकडाही बदलतं आणि आवाजही तोडतं, हे आधी ऐकून ठेवलं तर मैदानात फसगत कमी होते.

आणि मग पुल-टॅब. ओहायोच्या एर्मल फ्रेझ यांनी १९६३ च्या सुमारास पेयाच्या डब्याला ओढून काढायची कडी आणली. डबा उघडायचा, कडी गवतात टाकायची, अशी पुढली दहा-पंधरा वर्षं गेली. १९७५ पासून डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी आली आणि हळूहळू ते थांबलं. तोपर्यंत अमेरिकेच्या प्रत्येक उद्यानात या ॲल्युमिनियमच्या कड्या पेरल्या गेल्या होत्या. त्यांचा आकडा नेमका निकेलच्या शेजारी येतो. सोन्याच्या बऱ्याच अंगठ्याही तिथेच बोलतात. म्हणून ‘फक्त चांदी हवी’ म्हणून मधले आकडे बंद करणारा माणूस सोनं, निकेल आणि १९४२-४५ ची युद्धकालीन, ३५ टक्के चांदीची निकेलंही सोडून देण्याचा धोका पत्करतो. ही युद्धकालीन निकेलं ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या बाजूला मॉन्टिसेलो, म्हणजे जेफर्सन यांच्या घराचं चित्र आहे, त्याच्या घुमटाच्या डोक्यावर टांकसाळीचं मोठं अक्षर असतं. त्यांच्या मिश्रणात मँगनीज असल्याने मातीत ती काळवंडून कुरूप होतात, आणि नवखे लोक ती वायसर समजून फेकतात. मधल्या आकड्यांचं सगळं खणायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण एका छोट्या तुकड्यात, म्हणजे दहा फूट बाय दहा फूट, एकदा तरी सगळंच्या सगळं काढून पाहावं. कड्या निघाल्या की त्यांच्याखालून जुने आवाज वर येतात.

जागा निवडणं हा यातला खरा अभ्यास, आणि तो माणसांचा अभ्यास आहे. माणूस कुठे वाकतो, कुठे आडवा होतो, कुठे पाय वर करतो? बर्फावरून घसरायच्या टेकडीचा पायथा. बँडस्टँडसमोरचा उतार, जिथे लोक चादरी अंथरून रविवारचं संगीत ऐकत. घोड्याचे नाल फेकायच्या खेळाचे खड्डे. बेसबॉलच्या मैदानाची कड, प्रेक्षक बसत तो पट्टा. झोपाळ्यांची जुनी जागा, आजची नव्हे. यासाठी जुनी छायाचित्रं, उद्यानांची चित्रं असलेली पोस्टकार्डं, जुने हवाई फोटो आणि विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे उपयोगी पडतात. या नकाशांचा मोठा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्यातला बराच भाग घरबसल्या पाहता येतो. नकाशात तंबू किंवा मंडप दिसतो आणि आज तिथे नुसती हिरवळ आहे, असं ठिकाण मिळालं की अर्धं काम झालं. उलट, जिथे अलीकडे बाहेरून भराव घातला आहे तिथे जुना थर यंत्राच्या आवाक्याखाली गेलेला असतो. पहिल्या तासात एकही १९८० च्या आधीचं नाणं आलं नाही आणि माती एकसारखी पिवळी लागली, तर समजावं की ही माती इथली नाही.

चालण्याची पद्धत मंद हवी. कॉइल जमिनीपासून इंचभर, समांतर. बहुतेकांची चूक अशी की झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते, आणि तिथली खोली वाया जाते. एका बाजूकडून दुसरीकडे जायला दोन-तीन सेकंद, आणि पुढचा झोका आधीच्या झोक्यावर निम्मा चढलेला. सुरुवातीला धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यायची. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, शेवटपर्यंत चढवली की विजेच्या तारा आणि दिव्यांच्या लहरींनी यंत्र बडबडू लागतं. दोन-तीन पायऱ्या खाली आणलेलं शांत यंत्र बडबड्या यंत्रापेक्षा खोलवरचं सांगतं. बारीक पण गोल आवाज आला की नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने झोका द्यावा. दोन्हीकडून तोच आवाज, तोच आकडा आला तर नाण्याची शक्यता चांगली. एकीकडून गोड आणि दुसरीकडून लोखंडाची घरघर असेल तर बहुधा वाकडा खिळा. पण सात-आठ इंचांवरची डाइमसुद्धा अशीच कुजबुजते, आणि तो कौल कानाने द्यायचा असतो. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माती ओली पण चिखल नसताना, खोलवरचे आवाज जास्त स्पष्ट येतात.

खणण्याबद्दल सविस्तरच सांगायला हवं, कारण उद्यानं या छंदाला बंद होतात ती बहुधा खड्ड्यांमुळे. आधी कॉइलनेच नेमकी जागा धरायची. मग दातेरी कडेचं, मजबूत पोलादाचं खणायचं हत्यार घेऊन त्याभोवती चार इंच रुंद, नालाच्या आकाराची चीर द्यायची, तीन बाजूंनी. चौथी बाजू कापायची नाही, ती बिजागरी. चीर किमान तीन इंच खोल, म्हणजे मुळं मातीसकट एकत्र राहतात. दोन इंचांची उथळ चकती उचलली तर गवत आठवड्यात पिवळं पडतं आणि कावळे ती उचकटून टाकतात. झाकण उघडून आधी त्याच्याच पोटात पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, फिरवावा, कारण नाणं बऱ्याचदा तिथेच चिकटलेलं असतं. मोकळी माती गवतावर टाकू नये. शेजारी फडकं अंथरून त्यावरच काढावी. पिनपॉइंटर थरथरला की पोलाद बाजूला ठेवावं आणि बोटांनी माती सारावी. हत्याराच्या एका टोचणीने डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेल्या १९१६ च्या डाइमचं काय होईल याचा विचार करा. ती सगळी मिळून फक्त २,६४,००० पाडली गेली होती.

नाणं निघालं की खड्डा पुन्हा तपासायचा. एका खिशातून एकच नाणं सांडत नाही. मग फडक्यावरची सगळी माती परत आत, झाकण खाली, पायाने घट्ट दाबायचं, बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं. उठून दोन पावलं मागे जावं. खड्डा कुठे होता ते सापडत नसेल तर तो नीट बुजला. कडी, बाटलीचं बूच, काच, खिळा सगळं कमरेच्या पिशवीत, घरी जाताना कचरापेटीत. उन्हाळ्यात जमीन तडकलेली असताना गवताळ भागात खणूच नये. झाकण कितीही जपून कापलं तरी मुळं जगत नाहीत. त्या महिन्यांत लाकडाच्या भुश्याचे खेळाचे चौक आणि समुद्रकिनारे बरे. गवतात पाणी फवारणाऱ्या नळ्या आणि दिव्यांच्या तारा उथळ असतात. लांबलचक, एका रेषेत चालणारा आवाज आला की खणणं थांबवावं.

परवानगीचा प्रश्न प्रत्येक गावी वेगळा. राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरणंच नव्हे, बाळगणंही मनाई आहे. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातन वस्तूंना १९७९ च्या कायद्याचं संरक्षण आहे. शहरांची उद्यानं त्या त्या नगरपालिकेची. न्यूयॉर्क शहर यासाठी परवाना देतं, काही शहरं फक्त वाळूत मुभा देतात, काही अजिबात नाही. उद्यान विभागाला विचारून, लेखी उत्तर जवळ ठेवून जावं.

न्यू जर्सीत किंवा शिकागोजवळ राहणाऱ्या मराठी माणसाने हा छंद धरला आणि सुट्टीत यंत्र बॅगेतून गावी आणलं, तर इथला कायदा वेगळा आहे हे त्याला माहीत हवं. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा, जमिनीत दडलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणं गुन्हा आहे. १९५८ च्या कायद्याखालच्या संरक्षित स्थळी परवान्याविना उत्खनन करता येत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं. पण कायद्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. शिकागोच्या हिरवळीतली डाइम कुठल्या थरात होती याने इतिहासात फारसा फरक पडत नाही. गडाच्या माचीवर शिवराई कुठल्या जोत्याशी, कुठल्या राखेच्या थरात, कुठल्या खापरांसोबत होती याने पडतो. ती तिथून उपटली की तिचं तोंडच बंद होतं. गडावर यंत्र नेऊ नये, इतकं सरळ.

घरी आल्यावर पहिली चूक म्हणजे नाणं चोळणं. मातीचा कण चांदीहून कठीण असतो, आणि शर्टाला पुसलेल्या डाइमवर उमटलेले ओरखडे कायमचे. चांदी ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर ठेवून हलक्या धारेखाली धुवावी, मऊ कापडावर टिपावी. तांब्याला पाणीही बेतानेच. खनिज तेलात काही आठवडे बुडवून ठेवावं आणि लाकडी टूथपिकने माती सोडवावी. लिंबू, चिंच, पितांबरी लावली तर देवाची भांडी उजळतात, पण नाण्यावरचा हिरवट-तपकिरी थर जातो आणि त्याच्यासोबत आकडेही. त्या थरातच सन टिकलेलं असतं. १९६५ नंतरची साधी नाणी मात्र ॲक्वेरियमची खडी आणि पाणी घालून फिरत्या डब्यात घोळली तरी चालतात. तांब्याचे सेंट वेगळे घोळावेत. एकत्र टाकले तर क्वार्टर आणि डाइम गुलाबी होऊन बाहेर येतात.

जुन्यांसाठी कागदी पाकीट बरं, प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते. वर पेन्सिलीने लिहावं: तारीख, उद्यान, खोली, सोबत काय होतं. ‘साडेपाच इंच. ओकच्या पूर्वेला नऊ पावलं. त्याच खड्ड्यात १९२० चा व्हीट सेंट आणि हाडाचं बटण.’ बटणही त्याच पाकिटात ठेवावं.